शिकवणीच्या सरांचा परिचय कसा वाचावा

दहावीचा निकाल लागला की बीड, अंबाजोगाई, माजलगाव, परळी इथले चौक क्लासच्या फ्लेक्सनी भरून जातात. फ्लेक्सवर सरांचे नाव असते, नावापुढे पदव्यांची ओळ, त्याखाली 'सोपी व प्रभावी अध्यापन पद्धती' आणि तळाशी गेल्या वर्षीच्या मुलांचे फोटो. गेवराई किंवा पाटोदा तालुक्यातल्या खेड्यातून मुलाला घेऊन आलेल्या पालकांच्या हातात निर्णयासाठी बहुतेक वेळा एवढाच मजकूर असतो. म्हणून दरवर्षी तेच प्रश्न विचारले जातात. एम.एस्सी. झालेले सर बरे की बी.एड. झालेले? इंजिनिअर झालेले सर बायोलॉजी शिकवतील का? फ्लेक्सवर ज्यांचा फोटो आहे तेच रोज वर्गावर येणार का? आणि वर्षाची फी भरल्यावर मुलाचे मन लागले नाही तर पैसे परत मिळतात का?

या सगळ्या प्रश्नांकडे पाहताना एक गोष्ट धरून ठेवा. शिक्षकाने करून दिलेला स्वतःचा परिचय हा त्याने तुम्हाला दिलेला शब्द असतो. दिलेला शब्द तपासता येतो, कागदावर मागता येतो आणि पाळला गेला नाही तर त्याचा जाबही विचारता येतो. गोंधळ होतो तो परिचयात तीन वेगळ्या गोष्टी एकत्र आल्यामुळे. शिक्षण कागदपत्रांवरून तपासायचे असते, शिकवण्याची पद्धत वर्गात बसून पाहायची असते आणि निकाल मोजून पाहायचा असतो. आपण मात्र पदवी पाहून पद्धत चांगलीच असणार असे धरतो आणि मुलांचे फोटो पाहून पदवीबद्दल विचारायचे सोडून देतो.

पदवी काय सांगते आणि काय सांगत नाही

पदवी पाहताना पहिला प्रश्न ती खरी आहे का हा, आणि दुसरा, जास्त महत्त्वाचा, ती माझ्या मुलाच्या इयत्तेशी आणि विषयाशी जुळते का हा. चौथीच्या मुलाला नवोदयची तयारी करायची असेल तर एम.एस्सी. फिजिक्स झालेल्या सरांच्या पदवीचा तिथे फारसा उपयोग नाही. नवोदयच्या सहावीच्या प्रवेश परीक्षेत दोन तासांत ८० प्रश्न असतात, त्यातले ४० बुद्धिमत्तेचे, २० अंकगणिताचे आणि २० भाषेचे. लहान मुलाकडून हे सराव म्हणून, न कंटाळता करून घेणे हे प्राथमिकचे प्रशिक्षण घेतलेल्या माणसाचे काम आहे. उलट अकरावीच्या फिजिक्सला बी.ए., बी.एड. झालेले शिक्षक कितीही प्रेमळ असले तरी पुरणार नाहीत. फ्लेक्सवर नेहमी दिसणाऱ्या पात्रतांचा अर्थ साधारण असा घ्यावा:

- डी.एड. किंवा डी.एल.एड.: प्राथमिक वर्गांना शिकवण्याचे प्रशिक्षण. पहिली ते सातवी-आठवीसाठी ही मोलाची पात्रता आहे आणि तिला कमी लेखण्याचे कारण नाही.
- बी.एड.: माध्यमिकचे प्रशिक्षण. पण एवढ्यावर थांबू नका, 'बी.एड.ची मेथड कोणती?' असे विचारा. इतिहास-मराठी मेथड घेऊन बी.एड. झालेले शिक्षक गणित शिकवत असतील तर त्यांचे प्रशिक्षण वेगळ्या विषयाचे आहे.
- बी.एस्सी., एम.एस्सी.: विषयाचे ज्ञान. कोणत्या विषयात, हे लिहिलेले नसेल तर विचारावेच लागते. एम.एस्सी. वनस्पतिशास्त्र आणि एम.एस्सी. गणित ही फ्लेक्सवर सारखीच दिसतात.
- बी.ई., बी.टेक.: गणित आणि फिजिक्सची उदाहरणे सोडवण्याचा सराव चांगला असतो. बायोलॉजीचा संबंध बारावीनंतर बहुधा सुटलेला असतो.
- टीईटी, सीटीईटी: पहिली ते आठवीच्या शाळेत शिक्षक म्हणून लागण्यासाठीची पात्रता. शिकवणी घेण्यासाठी ती लागत नाही.
- नेट, सेट: महाविद्यालयात सहायक प्राध्यापक होण्यासाठीची पात्रता.

शेवटच्या नोंदीवर थोडे थांबायला हवे, कारण 'नेट' आणि 'नीट' यांतला फरक मराठी अक्षरांत एका मात्रेचा आहे आणि प्रत्यक्षात फार मोठा. नेट उत्तीर्ण म्हणजे त्या विषयाचे पदव्युत्तर शिक्षण आणि त्यावरची राष्ट्रीय परीक्षा. नीट उत्तीर्ण म्हणजे बारावीनंतरच्या वैद्यकीय प्रवेश परीक्षेत पात्र ठरलेला विद्यार्थी. दोघेही शिकवू शकतील, पण दोघांचा परिचय एक नाही. 'डॉ.' या अक्षराचेही तसेच. ते पीएच.डी.चे असते, वैद्यकीय पदवीचे असते किंवा कुठल्याशा संस्थेने समारंभात दिलेल्या मानद उपाधीचे असते. पदवी देण्याचा अधिकार कायद्याने विद्यापीठांना आणि तसा अधिकार मिळालेल्या संस्थांनाच आहे. विद्यापीठ अनुदान आयोग बनावट विद्यापीठांची यादी आपल्या संकेतस्थळावर देतो. 'डॉक्टरेट कोणत्या विद्यापीठाची, कोणत्या विषयात, कोणत्या वर्षी?' या प्रश्नात कुणाचा अपमान नाही, खऱ्या पीएच.डी.धारकाला त्याचे उत्तर द्यायला आवडते.

'अपिअर्ड', 'पर्सुइंग', 'एक्स कोटा फॅकल्टी', 'आयआयटीयन' हे शब्दही उलगडून घ्या. अपिअर्ड म्हणजे परीक्षेला बसले, उत्तीर्ण झाले असे नाही. कोट्यात शिकवले असेल तर कोणत्या संस्थेत, कोणता विषय, किती वर्षे? आयआयटीतून पदवी घेतली की तिथला एखादा ऑनलाइन कोर्स केला? खरेपणा तपासण्याचा साधा मार्ग म्हणजे मूळ गुणपत्रक किंवा पदवी प्रमाणपत्र पाहायला मागणे. अलीकडच्या अनेक विद्यापीठांच्या पदव्या डिजिलॉकरवर दिसतात, शिक्षकाला मोबाइलवर दोन मिनिटांत दाखवता येतात. जुनी पदवी असेल तर विद्यापीठ, वर्ष आणि विषय लिहून घ्या. बीड जिल्ह्यातल्या महाविद्यालयांच्या बहुतेक पदव्या डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठाच्या असतात आणि विद्यापीठाच्या परीक्षा विभागाकडे पडताळणीची सोय असते. प्रमाणपत्र पाहण्याचा आग्रह जास्तीचा वाटत असेल तर २०१९ च्या टीईटीचे काय झाले ते आठवा. गैरप्रकार उघड झाल्यावर राज्य परीक्षा परिषदेने ऑगस्ट २०२२ मध्ये ७,८८० उमेदवारांवर कारवाई केली. त्या सर्वांच्या हातात तोपर्यंत कागद होताच.

इथे एक रास्त आक्षेप घेतला जातो. गावात बारावी झालेला एखादा मुलगा संध्याकाळी वीस पोरे जमवून इतके छान शिकवतो की पदवीधरांना जमणार नाही, मग कागद मागून त्याला का हाकलायचे? हाकलू नये. पाचवीच्या पोरांची पाटी-वही तपासून घेणारा, पाढे म्हणवून घेणारा असा शिक्षक खेड्याला मोठा आधार असतो. प्रश्न पदवी नसण्याचा नाही, नसलेली सांगण्याचा आहे. 'मी बारावी सायन्स झालो आहे, सातवीपर्यंतचे गणित घेतो' असे सांगणारा विश्वासाला पात्र आहे. नसलेली पदवी लावणारा मात्र पुढे मुलाची प्रगतीही तशीच फुगवून सांगेल, ही भीती खरी आहे. ५० हून अधिक विद्यार्थी असलेल्या क्लासची गोष्ट वेगळी. केंद्रीय शिक्षण मंत्रालयाच्या जानेवारी २०२४ च्या मार्गदर्शक सूचनांनुसार अशा केंद्रात पदवीपेक्षा कमी शिक्षण असलेल्याला शिकवायला ठेवता येत नाही.

'शिकवण्याची पद्धत' वर्गात बसल्यावरच कळते

सगळ्या परिचयांत सर्वांत पोकळ ओळ हीच असते, आणि पालकांच्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाचीही हीच. 'संकल्पना स्पष्ट करून शिकवले जाते', 'वैयक्तिक लक्ष', 'लातूर पॅटर्न' हे शब्द कुणीही लिहू शकतो. लातूर पॅटर्न म्हणून जे नावाजले गेले ते मुळात कष्टाचे वेळापत्रक आहे: अभ्यासक्रम लवकर संपवणे, पुन्हा पुन्हा चाचण्या घेणे, उत्तरपत्रिका तपासून चुका दाखवणे. म्हणून हा शब्द वापरणाऱ्या क्लासला पुढचा प्रश्न असा विचारा की अभ्यासक्रम कोणत्या महिन्यात संपतो, आठवड्याला किती चाचण्या होतात आणि पेपर तपासतो कोण. तिसऱ्या प्रश्नाच्या उत्तरावर सगळे अवलंबून आहे. १२० मुलांच्या बॅचमध्ये दर रविवारी पेपर होत असेल आणि गुण फक्त उत्तरसूचीवरून दिले जात असतील, तर मुलाला चूक झाली एवढे कळते. ती का झाली, हे त्याला कुणीच सांगत नाही.

डेमो लेक्चरला मुलासोबत तुम्हीही बसा. विषय कळत नसला तरी पुष्कळ दिसते. सर प्रश्न विचारून थांबतात की स्वतःच उत्तर देऊन पुढे जातात? चुकीचे उत्तर देणाऱ्या मुलाशी कसे बोलतात? मागच्या बाकावरची मुले लिहीत आहेत की नुसती बघत आहेत? एक मात्र ध्यानात असू द्या, डेमोचा धडा तयार करून ठेवलेला असतो. म्हणून डेमोनंतर एखाद्या चालू बॅचमध्ये, कुठल्याही दिवशी, अर्धा तास बसू देण्याची विनंती करा. नकार मिळाला तर त्याचे कारण विचारा.

खरी परीक्षा त्या रात्री घरी होते. मुलाला आज काय शिकलास ते त्याच्या शब्दांत सांगायला लावा. समजा अपूर्णांकांचा भागाकार झाला. 'दुसरा अपूर्णांक उलटा करून गुणायचे' एवढेच मूल सांगत असेल तर त्याला नियम मिळाला आहे. त्याला विचारा, पाऊण भाकरीला अर्ध्याने भागले तर उत्तर दीड येते, मग भागाकार करून संख्या वाढली कशी? चांगल्या शिक्षकाने पाऊण भाकरीत अर्ध्या भाकरीचे किती तुकडे बसतात हे फळ्यावर काढून दाखवलेले असते: एक पूर्ण तुकडा आणि दुसऱ्याचा निम्मा, म्हणजे दीड. ज्याला हे चित्र दिसले आहे ते मूल परीक्षेत नियम विसरले तरी अडत नाही. तुम्ही स्वतः शाळेत गेला नसाल तरी मुलाच्या सांगण्यात चित्र आहे की नुसता मंत्र आहे, हे ओळखायला शाळा लागत नाही.

आपल्या भागात सेमी इंग्रजीचा प्रश्न वेगळा आहे. मराठी माध्यमाच्या शाळेत गणित आणि विज्ञान इंग्रजीतून शिकणारे मूल 'डेन्सिटी'ची व्याख्या पाठ म्हणते, पण घनता म्हणजे काय हे त्याला ठाऊक नसते, किंवा घनता ठाऊक असते पण पेपरातला 'डेन्सिटी' शब्द पाहून ते गांगरते. त्याला असा शिक्षक हवा जो आधी मराठीत समजावतो, मग इंग्रजी शब्द फळ्यावर लिहून देतो आणि शेवटी तेच उत्तर इंग्रजीत लिहून घेतो. 'आमच्याकडे फुल इंग्लिश मीडियम' हे ऐकून भारावून जाण्याऐवजी तुमच्या मुलाच्या पाठ्यपुस्तकातले एक पान पुढे करा आणि हे कसे शिकवाल ते पाच मिनिटांत दाखवायला सांगा. मुलाचा अभ्यासक्रम राज्य मंडळाचा की सीबीएसईचा हेही त्याच वेळी स्पष्ट करा. दोन्ही मंडळांची मुले एकाच बॅचमध्ये बसवली जात असतील तर कुणाचा तरी वेळ वाया जाणारच.

निकालाचे फोटो मोजून पाहा

'निकाल बोलतो, बाकी काय पाहायचे?' असे म्हणणारे पालक पुष्कळ आहेत आणि त्यांचे म्हणणे निराधार नाही. पण निकाल बोलायचा असेल तर त्याची पूर्ण बेरीज समोर हवी. दहा मुलांचे फोटो असतील तर बसले किती? पन्नासांतले दहा आणि पाचशेतले दहा यांत मोठे अंतर आहे. ती मुले कोणत्या बॅचची, पूर्ण वर्ष होती की शेवटच्या महिन्यात फक्त टेस्ट सिरीजला आली होती? हा संशय हवेतला नाही. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने यूपीएससीच्या क्लासच्या जाहिराती तपासल्या तेव्हा फोटोतल्या यशस्वी उमेदवारांपैकी अनेकांनी तिथे मुलाखतीच्या सरावापुरताच प्रवेश घेतल्याचे, आणि जाहिरातीत ते लपवल्याचे आढळले. त्यानंतर १३ नोव्हेंबर २०२४ रोजी प्राधिकरणाने कोचिंग क्षेत्रासाठी मार्गदर्शक तत्त्वे काढली. ५० हून अधिक विद्यार्थ्यांच्या क्लासला ती लागू आहेत आणि त्यांत शाळेच्या शिकवण्याही येतात. शिक्षकांच्या पात्रतेबद्दल, निवडीच्या प्रमाणाबद्दल किंवा फी परताव्याबद्दल खोटा दावा करणे त्यांनी मना केले आहे. विद्यार्थ्याचा फोटो वापरायचा तर निकालानंतर त्याची लेखी संमती हवी, आणि त्याने घेतलेला कोर्स कोणता, किती मुदतीचा, हे फोटोसोबत सांगायला हवे.

नीटच्या बाबतीत 'क्वालिफाइड' हा शब्द नीट समजून घ्या. ७२० गुणांच्या या परीक्षेत खुल्या प्रवर्गासाठी ५० वे आणि राखीव प्रवर्गांसाठी ४० वे पर्सेंटाइल गाठले की विद्यार्थी पात्र ठरतो. सरकारी महाविद्यालयात एमबीबीएसला प्रवेश मिळण्यासाठी यापेक्षा कितीतरी जास्त गुण लागतात. त्यामुळे 'आमची ६० मुले क्वालिफाइड' या ओळीनंतर 'त्यांतल्या किती जणांना अंबाजोगाईला, लातूरला किंवा इतर सरकारी कॉलेजात प्रवेश मिळाला?' हा प्रश्न विचारायचाच. सीईटीचे पर्सेंटाइल आणि गुण यांतही असाच घोटाळा होतो. पर्सेंटाइल म्हणजे टक्के नव्हेत, इतरांच्या तुलनेत मुलगा कुठे आहे त्याची ती जागा आहे.

पैसे देण्यापूर्वी कागदावर काय हवे

तोंडी सांगितलेले सगळे पुढे विसरले जाते. 'सरांवर विश्वास नाही का?' असे कुणी म्हणाले तर शांतपणे सांगा की विश्वास आहे म्हणूनच लिहून मागतो आहे, कारण ऊसतोडीसाठी घेतलेल्या उचलीतून किंवा कापसाच्या पट्टीतून ही फी जाणार आहे. एका साध्या कागदावर पुढील गोष्टी लिहून, सही-शिक्क्यासह घ्या:

- प्रत्येक विषय कोण शिकवणार, त्यांचे शिक्षण काय, आठवड्याला किती तास. फ्लेक्सवरचे सर महिन्यातून एकदा येणार असतील तर तेही.
- शिक्षक मध्येच बदलले तर काय करणार.
- एका बॅचमध्ये जास्तीत जास्त किती मुले.
- एकूण फी, हप्ते आणि त्यांच्या तारखा, नोट्स व टेस्ट सिरीज त्यात धरले आहेत का.
- मुलाने क्लास सोडला तर परताव्याचा हिशेब.
- प्रत्येक रकमेची पावती. फोनपे केले तरी पावती वेगळी मागा.

जानेवारी २०२४ च्या केंद्रीय सूचना इथे तुमच्या बाजूने आहेत. त्या सांगतात की कोर्स चालू असताना फी वाढवू नये, नोट्स आणि साहित्याचे वेगळे पैसे घेऊ नयेत, आणि पूर्ण फी भरलेला विद्यार्थी मध्येच सोडून गेला तर उरलेल्या काळाची फी हिशेबाने १० दिवसांत परत करावी. क्लासचे वसतिगृह असेल तर त्याचे आणि मेसचे पैसेही. दिवसाला ५ तासांपेक्षा जास्त वर्ग नकोत, शाळेच्या वेळेत वर्ग नकोत, आठवड्याची सुट्टी हवी. याच सूचनांत १६ वर्षांखालच्या किंवा दहावीची परीक्षा न दिलेल्या मुलाला कोचिंग सेंटरने प्रवेश देऊ नये असेही आहे. म्हणजे आठवीपासूनच्या 'नीट फाउंडेशन' बॅचची फी मोठ्या क्लासमध्ये भरताना हा मुद्दा विचारात घ्या. या सूचना राज्यांनी अमलात आणायच्या आहेत, त्या स्वतः कायदा नाहीत. म्हणून नुसते त्यांच्यावर विसंबू नका, तुमच्या कागदावर त्या अटी उतरवून घ्या. एकदा दोघांच्या सह्या झाल्या की अट तुमच्या कराराचा भाग होते.

मोठी फी भरण्यापूर्वी सरकारी पर्यायही पाहून घ्या. महाज्योती ही संस्था इतर मागास, विमुक्त-भटक्या आणि विशेष मागास प्रवर्गातील मुलांना जेईई, नीट, सीईटीचे मोफत ऑनलाइन प्रशिक्षण देते. केंद्राच्या 'साथी' या संकेतस्थळावर तयारीचे साहित्य मोफत आहे. गावातल्या चांगल्या शिक्षकाची शिकवणी आणि हे मोफत साहित्य यांची सांगड घातली तर काही मुलांना लातूरला खोली करून राहण्याची गरजच पडणार नाही.

शाळेतलेच गुरुजी शिकवणी घेत असतील तर

हा प्रश्न विचारताना पालक आवाज खाली करतात, म्हणून उत्तर स्पष्ट देतो. बालकांच्या मोफत व सक्तीच्या शिक्षणाच्या २००९ च्या कायद्याचे कलम २८ शिक्षकांना खाजगी शिकवणी घेण्यास मनाई करते. त्यामागचे कारण साधे आहे. जो वर्गात शिकवतो तोच संध्याकाळी पैसे घेऊन शिकवू लागला, तर वर्गात अपुरे शिकवण्याचा मोह होतो आणि शिकवणीला न येणाऱ्या मुलाच्या मनात धास्ती बसते. दहावीच्या गणित आणि विज्ञानात २० गुण अंतर्गत मूल्यमापनाचे असतात, ही धास्ती तिथून येते. 'पण तेच सर सर्वांत चांगले शिकवतात,' असे तुम्ही म्हणाल. असतीलही. मग शाळेत जादा तास घेण्याची मागणी शाळा व्यवस्थापन समितीत करा, त्याचा फायदा ज्यांना फी परवडत नाही त्यांच्या मुलांनाही मिळेल. शिकवणीची सक्ती किंवा गुणांची धमकी झाली तर गटशिक्षणाधिकाऱ्यांकडे लेखी तक्रार द्या आणि पोच घ्या.

मुलांची सुरक्षितता

२०२५ च्या जूनमध्ये बीड शहरातल्या एका खाजगी क्लासमधील शिक्षकांविरुद्ध अल्पवयीन विद्यार्थिनीच्या लैंगिक छळाच्या तक्रारीवरून पोक्सो कायद्याखाली गुन्हा नोंदला गेला. विषय विधिमंडळात आला आणि तपास विशेष पथकाकडे देण्याचे सरकारने जाहीर केले. खटल्याचे काय ते न्यायालय ठरवील. पालकांसाठी यातला धडा एवढा की पदव्या आणि निकाल यांवरून माणसाच्या वागणुकीबद्दल काहीच कळत नाही. एकट्या मुलीला किंवा मुलाला केबिनमध्ये बोलावले जाते का, वर्गांत आणि जिन्यात कॅमेरे आहेत का, स्त्री कर्मचारी असतात का, शेवटची बॅच किती वाजता सुटते, हे प्रवेशाच्या वेळीच विचारा. रात्री उशिरा व्हॉट्सॲपवर 'डाउट' सोडवणे चालू असेल तर ते ग्रुपवर व्हावे, वैयक्तिक नको. मुलाने अचानक क्लासला जायचे नाकारले तर आधी रागावू नका, कारण विचारा आणि ऐका. मदतीसाठी चाइल्डलाइनचा १०९८ आणि पोलिसांचा ११२ हे क्रमांक आहेत.

आई-वडील कारखान्यावर असतील तेव्हा

दिवाळीच्या सुमारास केज, धारूर, वडवणी, शिरूर कासार, आष्टी, पाटोदा या तालुक्यांतून ऊसतोडीच्या टोळ्या निघतात आणि मार्च-एप्रिलपर्यंत परतत नाहीत. नेमके हेच महिने दहावी-बारावीच्या अभ्यासाचे. मूल आजी-आजोबांकडे किंवा वसतिगृहात असते आणि क्लासला जाब विचारणारे कुणी नसते. निघण्यापूर्वी एक व्यक्ती ठरवा, चुलता, मामा, मोठी बहीण, आणि तिचे नाव व फोन क्रमांक क्लासच्या कागदावर लिहून द्या. महिन्यातून एकदा तुमच्या फोनवर हजेरी आणि चाचण्यांचे गुण पाठवावेत असे त्यातच लिहा. लिहिता-वाचता येत नसेल तर सरांना महिन्याला एक व्हॉइस मेसेज पाठवायला सांगा, तो ऐकता येतो आणि जपूनही ठेवता येतो. सगळी फी उचलीतून एकदम भरू नका. दोन-तीन हप्ते करा आणि शेवटचा परतल्यावर द्या.

शब्द मोडला तर

आधी क्लासला लेखी पत्र द्या, त्यात परिचयात काय सांगितले होते आणि प्रत्यक्षात काय मिळाले हे तारखांसह लिहा. फ्लेक्सचा, पत्रकाचा, व्हॉट्सॲपवरच्या जाहिरातीचा फोटो पहिल्या दिवशीच काढून ठेवलेला असेल तर अर्धे काम झाले. उत्तर आले नाही तर:

- राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५ वर तक्रार नोंदवा. पुष्कळ परतावे याच टप्प्यावर मिळतात.
- जाहिरात दिशाभूल करणारी असेल तर जिल्हाधिकाऱ्यांकडेही तक्रार देता येते, २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात तशी तरतूद आहे.
- जिल्हा ग्राहक आयोगात दोन वर्षांच्या आत तक्रार करा. दिलेली रक्कम पाच लाखांपर्यंत असेल तर शुल्क नाही आणि वकील सक्तीचा नाही. 'ई-जागृती' संकेतस्थळावरूनही दाखल करता येते.

दोन शंका इथे नेहमी येतात. 'क्लास लातूरचा किंवा कोट्याचा आहे, तिथे खेटे कोण घालणार?' तक्रार तुम्ही राहता त्या जिल्ह्यात करता येते, म्हणजे बीडच्या आयोगात. 'शिक्षण ही सेवा नाही म्हणून आयोग ऐकत नाही, असे क्लासवाले म्हणतात.' शाळा-महाविद्यालयांबाबत तसा वाद आहे, पण राष्ट्रीय ग्राहक आयोगाच्या मोठ्या पीठाने जानेवारी २०२० मध्ये कोचिंग संस्थांना त्या सवलतीतून वेगळे काढले. घरगुती शिकवणीत १५ मुले असली तरी पैसे घेऊन दिलेली ती सेवाच आहे, तिलाही हा कायदा लागू होतो.

तुम्ही स्वतः शिकवण्या घेत असाल तर

डी.एड., बी.एड. करून भरतीची वाट पाहणारे अनेक तरुण-तरुणी आपल्या जिल्ह्यात शिकवण्यांवर घर चालवतात. मोठ्या क्लासच्या फ्लेक्सपुढे आपला साधा परिचय फिका पडेल या भीतीने 'तज्ज्ञ', 'नंबर वन' असे शब्द घालण्याचा मोह त्यांना होतो. तो टाळावा, कारण हा लेख वाचलेला पालक उद्या तुमच्याकडे येऊन हेच प्रश्न विचारणार आहे, आणि नेमका परिचय त्याला मोठ्या शब्दांपेक्षा जास्त पटेल. पदवी, विषय, विद्यापीठ आणि वर्ष लिहा. कोणत्या इयत्तेला शिकवता ते लिहा. बॅच किती मुलांची, वह्या कधी तपासता, पालकांना कधी भेटता हे लिहा. काय शिकवत नाही तेही लिहा. एक नमुना देतो, त्यात आपापले तपशील घालून घ्यावेत:

'बी.एस्सी. (गणित), बी.एड. (मेथड गणित-विज्ञान). आठवी ते दहावी, राज्य मंडळ, सेमी इंग्रजी, गणित आणि विज्ञान. एका बॅचमध्ये २० मुले. सोमवार ते शनिवार संध्याकाळी ५ ते ७. आधी मराठीत समजावून मग इंग्रजीत लिहून घेतले जाते. दर शनिवारी चाचणी, पेपर मी स्वतः तपासून सोमवारी चुका मुलाजवळ बसून दाखवतो. गेल्या वर्षी दहावीला १८ मुले होती, सर्वांचे गुण पाहायला मिळतील. फी महिन्याला, पावतीसह, सोडल्यास उरलेल्या दिवसांची परत. अकरावी-बारावी आणि नीट-सीईटीची तयारी मी घेत नाही.'